क्लॉक वाढवला तरी मशीन अडखळतंय? आधी कॅश कमी पडतेय का ते तपासा

ही तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. जुना प्रोसेसर काढला, त्याच बोर्डवर बसणारा जास्त गिगाहर्ट्झचा, म्हणजे जास्त क्लॉकचा आणला, आणि मशीन पूर्वी जिथे अडखळायचं तिथेच अजूनही अडखळतं. बेंचमार्कचा आकडा वाढलेला दिसतो, व्हिडिओ थोडा लवकर एक्स्पोर्ट होतो, पण ज्या कामासाठी खर्च केला ते काम जैसे थे. मग काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न येतो: याच्याहून जास्त गिगाहर्ट्झचा कुठला मिळेल?

याच्या उलटही होतं. मोठ्या कॅशच्या (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) प्रोसेसरचं नाव झालंय म्हणून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा माणूस एक्स३डी, म्हणजे एएमडीचा मोठ्या कॅशचा प्रोसेसर, घेऊन येतो आणि रेंडरला पूर्वीइतकाच वेळ लागतो, कधी थोडा जास्तच. त्याला हवा होता क्लॉक आणि कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग), आणि पैसे गेले कॅशमध्ये.

दोन्हीकडचं नुकसान टाळता येतं आणि त्यासाठी आधी काहीही विकत घ्यावं लागत नाही. तुमच्या आत्ताच्या मशीनवर, तुमच्याच कामावर दोन चाचण्या करा. काय कमी पडतंय ते तुमचंच मशीन सांगतं. त्या चाचण्या कशा करायच्या हेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आत नेमकं काय होतं

कॅशचे तीन थर असतात: एल१, एल२ आणि एल३. प्रोसेसरला लागणारी माहिती सर्वांत जवळच्या एल१ मध्ये असेल तर चार-पाच क्लॉक सायकलमध्ये मिळते. एल२ मधून बारा-चौदा, एल३ मधून साधारण चाळीस ते पन्नास. तिथेही नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथून यायला ८० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. ४ गिगाहर्ट्झवर ८० नॅनोसेकंद म्हणजे ३२० सायकल. ५ गिगाहर्ट्झवर तेवढ्याच ८० नॅनोसेकंदांत ४०० सायकल उलटून जातात. म्हणजे क्लॉक वाढवला म्हणून रॅम लवकर उत्तर देत नाही. प्रोसेसर फक्त जास्त वेगाने रिकामा बसतो. ओट्यावर मिसळणाचा डबा नसेल आणि दर चिमटीला माळ्यावर चढावं लागत असेल, तर हात कितीही भरभर चालणारा असो, भाजी वेळेत होत नाही.

आता उलट बाजू. काम असं असेल की लागणारी माहिती आधीच्याच कॅशमध्ये आरामात मावते, तर आणखी कॅशचा उपयोग शून्य. तिथे एका सेकंदात किती सायकल होतात यालाच किंमत. म्हणून ‘कॅश चांगली की क्लॉक चांगला’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नसतं. उत्तर कामागणिक बदलतं, आणि एकाच माणसाच्या दोन कामांसाठी वेगवेगळं असू शकतं.

हा पेच नवा नाही. १९९८ साली इंटेलचा पहिला सेलेरॉन आला तो २६६ मेगाहर्ट्झचा, पण त्याला एल२ कॅशच नव्हती. क्लॉक पेंटियम टूच्या तोडीचा, पण ऑफिसच्या रोजच्या कामात तो रखडायचा. त्याच वर्षी सेलेरॉन ३००ए आला. त्यात फक्त १२८ केबी एल२, पण कोअरच्याच वेगाने चालणारी, आणि तेवढ्यावर तो पेंटियम टूशी टक्कर देऊ लागला. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश कोअरच्या निम्म्या वेगाने चालत असे. कॅश किती आहे याइतकंच ती किती जवळ आहे, हे तेव्हापासून दिसत आलं आहे.

आजच्या बाजारातलं सर्वांत बोलकं उदाहरण

रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी शेजारी ठेवा. दोन्ही एएमडीच्या झेन ३ पिढीचे, दोन्हींत सहा कोअर, दोन्हींचा बूस्ट, म्हणजे गाठता येणारा जास्तीत जास्त क्लॉक, ४.४ गिगाहर्ट्झ. बेस, म्हणजे बूस्टशिवायचा, क्लॉक तर जीचाच जास्त: ३.९, आणि साध्या ५६०० चा ३.५. नुसते गिगाहर्ट्झ बघणारा माणूस जी उचलणार. पण साध्या ५६०० मध्ये एल३ आहे ३२ एमबी आणि जीमध्ये १६. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून गेम किंवा सिम्युलेटर चालवला की साधा ५६०० पुढे जातो. जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे हा त्याचा गुण खराच, आणि कार्ड न लावणाऱ्यासाठी तो उत्तम प्रोसेसर आहे. पण नंतर कधीतरी कार्ड घेतलं की ही निम्मी कॅश जाणवायला लागते.

नागपूरच्या एका मुलाचं मशीन बघायला आलं होतं ते असंच. ५६००जी, वर नंतर घेतलेलं ठीकठाक कार्ड. मोकळ्या आकाशात फ्लाइट सिम्युलेटर सुरळीत चालायचा, आणि मोठ्या शहरावर विमान उतरवायला घेतलं की दर काही क्षणांनी चित्र थबकायचं. तो ५७००जी घेण्याच्या तयारीत होता, कारण त्यात आठ कोअर आणि ४.६ गिगाहर्ट्झ. त्याची एल३ किती ते मी त्याला बघायला सांगितलं. तीही १६ एमबी! शहरावर येताच इमारती, वाहतूक, हवामान अशी हजारो छोटी माहिती प्रत्येक फ्रेमला पुन्हा पुन्हा लागते, ती १६ एमबीत मावत नाही, आणि प्रोसेसरला सारख्या रॅमकडे खेपा घालाव्या लागतात. क्लॉक ४.४ वरून ४.६ वर नेऊन ही खेप टळत नाही.

दुकानात गेल्यावर पूर्ण मॉडेल नंबर वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तपकीर गल्ली असो की लॅमिंग्टन रोड, काउंटरवर ‘सत्तावन्नशे’ एवढंच बोललं जातं. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स या दोघांतही आठ कोअर आणि ४.६ चा बूस्ट. पण एक्स नसलेल्याला १६ एमबी एल३ आणि एक्सला ३२. एका अक्षरात निम्मी कॅश जाते.

आणखी एक गोष्ट जपा. खोक्यावर किंवा जाहिरातीत एकूण कॅश लिहिलेली असते, त्यात एल२ आणि एल३ ची बेरीज असते. ५८००एक्स३डीची १०० एमबी म्हणजे ९६ एल३ आणि ४ एल२. ५९००एक्सला ६४ एमबी एल३ आहे, पण ती दोन चिपलेटांत (प्रोसेसरच्या आतल्या वेगवेगळ्या चिपांत) ३२-३२ अशी वाटलेली. एका चिपलेटवरचा कोअर दुसऱ्या चिपलेटच्या कॅशवर स्वतःची म्हणून हक्क सांगू शकत नाही. म्हणून एका-दोन थ्रेडच्या कामाला ५९००एक्सची ६४ एमबी प्रत्यक्षात ३२ सारखीच वागते.

चाचणीआधी एवढं उरकून घ्या

बऱ्याच वेळा दोष कॅशचा नसतो आणि क्लॉकचाही नसतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम घेऊन ती २१३३ वर चालणारी मशीनं मी सतत बघतो, कारण बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याचं सेटिंग, कुणी सुरूच केलेलं नसतं. रॅमची एकच कांडी असेल तर दुसरी तशीच घालून ड्युअल चॅनेल करा, म्हणजे दोन्ही कांड्यांतून एकाच वेळी माहिती येते. कमी कॅशच्या प्रोसेसरवर या दोन गोष्टींचा फरक सर्वांत जास्त पडतो, कारण त्याच्या रॅमकडे खेपाच जास्त.

मग तापमान. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि क्लॉक दाखवणारं टूल) सुरू ठेवून काम करा आणि अडखळताना क्लॉक पडतो का ते पाहा. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळीस-बेचाळीस अंशांवर असते, कूलरच्या पंख्यांत धूळ बसलेली असते, आणि खोक्यावर लिहिलेला बूस्ट क्लॉक काही सेकंदांपुरताच मिळतो. हिवाळ्यात चालणारं तेच काम उन्हाळ्यात रखडत असेल तर आधी थर्मल पेस्ट बदला, कॅबिनेटमधून हवा खेळती करा. उष्णतेने क्लॉक उतरतो, कॅश मात्र तेवढीच राहते. निवड करताना हा मुद्दाही लक्षात घ्यावा असं मला वाटतं. लॅपटॉपवर तर उष्णता आणि वीज या दोन्हींची मर्यादा असते, त्यामुळे तिथे बूस्टच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊच नये.

अडखळताना डिस्क शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर आधी एसएसडी. हार्ड डिस्कवरून गेम चालवून प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी: क्लॉक मुद्दाम खाली आणा

ऐकायला उलटं वाटेल, पण ही चाचणी सर्वांत जास्त सांगून जाते. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट उघडा आणि मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक मशीनवर यामुळे बूस्ट बंद होतो आणि क्लॉक बेसवर येतो. आला की नाही ते टास्क मॅनेजरमधल्या स्पीडच्या आकड्यावरून खात्री करून घ्या. नसेल आला तर बायोसमध्ये जाऊन कोअर परफॉर्मन्स बूस्ट, इंटेलवर टर्बो बूस्ट, बंद करा.

आता तेच काम, तीच फाइल, त्याच सेव्ह केलेल्या जागेवरून करा. आधी बूस्ट चालू ठेवून वेळ मोजा, मग बंद करून. दोन्ही वेळा काम दोन-तीनदा करा आणि पहिली फेरी सोडून द्या, कारण त्यात डिस्कवरून वाचण्याचा वेळ मिसळलेला असतो.

हिशेब असा मांडायचा. समजा, ५६०० वर एका कामाला ४.४ गिगाहर्ट्झला १०० सेकंद लागतात. क्लॉक ३.५ केला. काम निव्वळ क्लॉकवर चालणारं असेल तर वेळ जवळपास १२६ सेकंद व्हायला हवा, कारण ४.४ भागिले ३.५ म्हणजे १.२६. पण तो फक्त १०८ झाला तर? तर वाढलेले ८ सेकंद हे क्लॉकवर अवलंबून असलेल्या भागाचे, आणि तो भाग निघतो सुमारे ३१ सेकंद. उरलेले ६९ सेकंद प्रोसेसर कशाची तरी वाट बघत होता. एवढं कळलं की जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेण्याचा बेत तिथेच थांबवायला हरकत नाही. उलट वेळ १२४-१२५ आला, तर तुम्हाला क्लॉकच हवा आहे आणि मोठ्या कॅशसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

गेममध्ये सेकंद मोजता येत नाहीत, तिथे फ्रेम मोजा. पण सरासरी बघू नका. अडखळणं सरासरीत लपतं. कॅपफ्रेमएक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या टूलमध्ये सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा दिसतो, तो लिहून ठेवा.

दुसरी चाचणी: रॅमचा वेग खाली आणा

प्रोसेसर वाट बघतोय एवढं पहिल्या चाचणीत कळतं. कशाची, ते दुसरीत कळतं. क्लॉक पूर्ववत करा आणि बायोसमध्ये रॅम ३२०० किंवा ३६०० वरून २४०० वर आणा. नुसतं एक्सएमपी बंद केलं तरी चालतं, पण काही रॅम त्याशिवायही ३२०० वर चालते, मग वेग हाताने निवडावा लागतो. पुन्हा तेच काम.

रॅम मंद केल्यावर काम सपाटून मंदावलं, तर प्रोसेसर रॅमच्या दारात उभा असतो हे नक्की झालं. मोठी कॅश इथे कामाला येण्याची शक्यता दाट. काहीच फरक पडला नाही आणि पहिल्या चाचणीतही पडला नव्हता, तर वाट ग्राफिक्स कार्डची, डिस्कची किंवा नेटवर्कची आहे. प्रोसेसर बदलूच नका. ४के मॉनिटरवर सगळी सेटिंग वर ठेवून खेळणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच निघतं. खात्रीसाठी रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा: फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो समजून घेणं गरजेचं आहे. रॅम मंद केल्याने काम मंदावतं याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तीच माहिती पुन्हा पुन्हा लागते पण कॅशमध्ये मावत नाही. दुसरा, माहिती इतकी प्रचंड आहे की ती एकदाच डोळ्यांखालून जाते आणि परत लागत नाही. काही जीबींची नोंद फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचणारं काम दुसऱ्या प्रकारचं. त्याला ९६ एमबी कॅश दिली काय आणि ३२ दिली काय, परत न लागणारी गोष्ट साठवून उपयोग नाही. अशा कामाला रॅमची रुंदी हवी: ड्युअल चॅनेल, जास्त वेगाची डीडीआर५. पहिल्या प्रकारच्या कामाला कॅश हवी. फॅक्टोरिओसारखा गेम, फ्लाइट सिम्युलेटर, शहर वसवण्याचे मोठे गेम हे पहिल्या प्रकारात येतात. प्रवाही द्रव्यांच्या गणिताची इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरही यातच. एएमडीने २०२२ मध्ये अशाच कामांसाठी ७६८ एमबी एल३ चा ईपीवायसी सर्व्हर प्रोसेसर आणला होता.

घरबसल्या हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर सेव्हन-झिपमधला बेंचमार्क चालवा. तो दोन आकडे देतो. कॉम्प्रेसिंगचा आकडा रॅमच्या आणि कॅशच्या वेगावर बराच हलतो, डिकॉम्प्रेसिंगचा मुख्यतः कोअरच्या कामावर. रॅम मंद करून पुन्हा चालवा: पहिला आकडा घसरतो, दुसरा जवळपास जागेवर राहतो.

निकाल हातात आल्यावर

ब्लेंडरचं रेंडर, व्हिडिओ एन्कोडिंग, फोटोशॉपमधले बहुतेक फिल्टर यांत क्लॉक आणि कोअर घ्या. ५८००एक्सचा बूस्ट ४.७ आणि ५८००एक्स३डीचा ४.५. ब्लेंडरमध्ये हा फरक जसाच्या तसा दिसतो, म्हणजे ९६ एमबीवाला थोडा मागेच पडतो. छोट्या दुकानाचं टॅली आणि बेताच्या एक्सेल शीट चालवणाऱ्याने तर हा वाद डोक्यातून काढून टाकावा. त्याला एसएसडी आणि पुरेशी रॅम मिळाली की झालं.

एएम४ (एएमडीचं आधीचं सॉकेट) बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी निवड सर्वांत कठीण, कारण तिथे कॅशची किंमत क्लॉकमध्ये मोजावी लागते. ५७००एक्सला ४.६ गिगाहर्ट्झ आणि ३२ एमबी, ५७००एक्स३डीला ४.१ गिगाहर्ट्झ आणि ९६ एमबी. क्लॉक अकरा टक्के कमी. दोन्ही चाचण्यांचा कौल स्पष्टपणे कॅशकडे असेल तरच हा सौदा करा. असेल तर मात्र बिनधास्त करा. जुन्या बोर्डवर सिम्युलेटरसाठी मोठ्या कॅशइतकी झेप दुसरी नाही.

नव्या एएम५ वर ही ओढाताण बरीच सैल झाली आहे. ७७००एक्सचा बूस्ट ५.४ आणि ७८००एक्स३डीचा ५.०. पुढच्या पिढीत ९७००एक्सचा ५.५ आणि ९८००एक्स३डीचा ५.२. आधीच्या एक्स३डींमध्ये जादा कॅशची चकती कोअरच्या वर बसवलेली होती, त्यामुळे कोअरची उष्णता कूलरपर्यंत पोचायला अडथळा यायचा आणि क्लॉक आवरता घ्यावा लागायचा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत ती चकती कोअरच्या खाली गेली. खिशाला परवडत असेल तर तिथे कॅश की क्लॉक हा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

सोळा कोअरचा ७९५०एक्स३डी घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. त्याच्या एकाच चिपलेटवर ९६ एमबी आहे, दुसऱ्यावर ३२ आणि जास्त क्लॉक. गेम चुकीच्या चिपलेटवर गेला तर महागड्या कॅशचा लाभ होत नाही आणि अडखळणं परत सुरू. विंडोज, चिपसेट ड्रायव्हर आणि गेम बार हे तिन्ही अद्ययावत ठेवा. गेम बार ‘नको असलेलं’ म्हणून काढून टाकणाऱ्यांना हीच अडचण पुन्हा पुन्हा येते.

बदलताना

एएम४ वर एक्स३डी बसवायचा असेल तर आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवीन बायोस घाला. तुमच्या बोर्डच्या यादीत त्या प्रोसेसरचं नाव आहे का तेही तिथेच कळेल. खोक्यातल्या छोट्या कूलरवर भागवू नका, ५७००एक्स३डीसोबत तो येतही नाही. प्रोसेसर बदलल्यावर बायोस बहुतेक वेळा मूळ सेटिंगवर जातं आणि एक्सएमपी पुन्हा बंद होतं, ते आठवणीने सुरू करा. विंडोजमध्ये ९९ टक्के करून ठेवलेलं सेटिंग परत १०० वर आणा. मग जुन्या प्रोसेसरवर लिहून ठेवलेली तीच चाचणी, तीच फाइल, तीच जागा घेऊन चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. फरक अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत निघालेला बरा, म्हणून ही चाचणी बसवल्या दिवशीच करा.